डिझेल पिकअपची बॅटरी वारंवार उतरते : अल्टरनेटर बदलूनही फरक नाही

बंदरवाट, रत्नागिरी

सर्वांना नमस्कार. माझ्या डिझेल पिकअपची बॅटरी गेले तीन महिने दर आठ-दहा दिवसांनी उतरते आहे आणि आता नेमके काय बदलावे हे मला ठरवता येत नाही, म्हणून हा धागा काढतो आहे. गाडी मिरकरवाडा बंदरावर मासळी भरते आणि आठवड्यातून चार रात्री हातखंबा, साखरपा, आंबा घाट या वाटेने कोल्हापूरला जाते. तिचे बहुतेक चालणे अंधारात होते. हेडलाइट कायम चालू असतात आणि पावसाळ्यात त्यांच्या जोडीला वायपर आणि काचेवरची वाफ घालवण्यासाठी ब्लोअरही असतो. बॅटरी 12 व्होल्ट, 75 अँपिअर-अवरची असून तिला 14 महिने झाले आहेत.

पहिल्यांदा सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) जड फिरू लागला. बॅटरीवाल्याने दोनदा रात्रभर चार्ज करून दिली आणि दोन्ही वेळा बॅटरी चांगली असल्याचे सांगितले. त्यानंतर एका इलेक्ट्रिशियनने बॉनेट उघडले, मीटर न लावताच ‘डायनामो गेला’ असा निकाल दिला आणि दुरुस्त केलेला दुसरा अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज करणारे, बॅटरी भरणारे यंत्र; यालाच तो डायनामो म्हणत होता) बसवला. बारा दिवस गाडी उत्तम चालली. तेराव्या रात्री साखरप्याला चहासाठी थांबलो, पार्किंगचे दिवे अर्धा तास चालू राहिले आणि सेल्फने फक्त ‘टक्’ असा आवाज केला. शेजारच्या गाडीतल्या चौघांनी धक्का मारला म्हणून त्या दिवशीची मासळी वाचली.

डॅशबोर्डवरचा लाल बॅटरीचा दिवा चावी फिरवल्यावर लागतो आणि इंजिन सुरू होताच विझतो. फॅन बेल्ट नवा आहे. जुना अल्टरनेटर मी बदल्यात न देता घरी ठेवला आहे. आता नवी बॅटरी घ्यावी, की नवा कोरा अल्टरनेटर, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

मापक, कुडाळ

दादा, अजून काहीही विकत घेऊ नका. मी 30 वर्षे गाड्यांच्या वायरिंगचे काम करतो आहे, आणि किनाऱ्यावरच्या गाड्यांमध्ये चांगला अल्टरनेटर नाहक काढला गेल्याची उदाहरणे मी इतकी पाहिली आहेत की मीटर लावल्याशिवाय दिलेला निकाल मी मानत नाही. बाराच दिवस गाडी नीट चालली, ही गोष्टही पुरेशी बोलकी आहे. अल्टरनेटर बसवताना बॅटरी बाहेरून पूर्ण चार्ज करून दिलेली असणार, तीच शिदोरी बारा दिवस पुरली. आतून तिच्यात रोज पुरेशी भर पडत नव्हती.

साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या आणि 20 व्होल्ट डीसीवर ठेवा. प्रोब क्लॅम्पवर न टेकवता बॅटरीच्या शिशाच्या खुंटावरच टेकवा, कारण क्लॅम्प आणि खुंट यांच्यामध्येच दोष असला तर क्लॅम्पवरचे माप तो लपवून ठेवते. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी पहिले माप घ्या. 12.6 ते 12.7 म्हणजे बॅटरी भरलेली, 12.4 म्हणजे सुमारे पाऊण, 12.2 म्हणजे निम्मी, आणि 12.0 म्हणजे जेमतेम पाव. त्यानंतर कोणाला तरी सेल्फ मारायला सांगून त्याच वेळी खुंटांवरचे माप पाहा. मग इंजिन सुरू करून आधी सगळे बंद ठेवून आणि नंतर हेडलाइट, ब्लोअर, वायपर सगळे लावून माप घ्या. निरोगी गाडीत दोन्ही वेळा साधारण 13.8 ते 14.5 च्या दरम्यान आकडा दिसला पाहिजे.

यानंतरचे माप सर्वांत महत्त्वाचे आहे आणि नेमके तेच बहुतेक जण घेत नाहीत. सगळा लोड चालू असताना एक प्रोब अल्टरनेटरच्या जाड वायरीच्या बोल्टवर आणि दुसरा त्याच अल्टरनेटरच्या उघड्या धातूवर ठेवा; तेथे किती व्होल्ट तयार होतात ते कळेल. मग अल्टरनेटरच्या बोल्टपासून बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटापर्यंत, आणि निगेटिव्ह खुंटापासून अल्टरनेटरच्या बॉडीपर्यंत, अशी दोन वेगळी मापे घ्या. चालू प्रवाहात या दोन जोड्यांमध्ये मीटर जे दाखवील, ते वाटेत गळालेले व्होल्ट होत. पॉझिटिव्ह बाजूला 0.2 च्या आसपास आणि अर्थच्या, म्हणजे निगेटिव्हच्या, बाजूला 0.1 च्या आसपास चालते. त्याहून बरेच जास्त असेल तर दोष त्या वाटेत आहे.

हापूसगाडी, देवगड

माझी पिकअप एप्रिल-मे महिन्यांत आंब्याच्या पेट्या घेऊन रात्रीतून वाशीला जाते. इतकी मापे घेण्यापेक्षा आमच्याकडे सोपी पद्धत आहे. इंजिन चालू ठेवून बॅटरीचे एक टर्मिनल काढायचे; गाडी बंद पडली तर अल्टरनेटर गेला, चालू राहिली तर तो चांगला. माझ्या वडिलांच्या गाडीपासून आम्ही हेच करत आलो आहोत.

मापक, कुडाळ

हापूसगाडी, ही पद्धत कृपया वापरू नका आणि दुसऱ्या कोणाला सांगूही नका. वडिलांच्या काळातल्या डिझेल गाडीत पंप यांत्रिक होता आणि विजेवर फार तर इंजिन बंद करणारा सोलेनॉइड चाले, त्यामुळे तेव्हा ही चाचणी बहुधा निभावून जात असे. आजच्या कॉमन रेल इंजिनात इंधनाचा प्रत्येक थेंब ईसीयूच्या, म्हणजे इंजिनाच्या संगणकाच्या, आज्ञेने सुटतो. अल्टरनेटर प्रवाह देत असताना बॅटरी अचानक तोडली की तो प्रवाह जाणार कोठे, हा प्रश्न उभा राहतो. अल्टरनेटरचे व्होल्टेज आवरणाऱ्या रेग्युलेटरला सावरायला क्षणभर लागतो आणि तेवढ्यात व्होल्टेज कित्येक पटींनी उसळते. त्या एका उसळीने अल्टरनेटरचे डायोड (आतल्या एसी विजेची डीसी करणारे भाग) जातात, कधी ईसीयूसुद्धा जातो. शिवाय या चाचणीतून उत्तरही मिळत नाही, कारण बंदरवाट यांच्या गाडीसारखा दोष असला तर टर्मिनल काढूनही इंजिन चालूच राहील आणि अल्टरनेटर चांगला आहे एवढेच कळेल. बॅटरी का भरत नाही हे कळणार नाही.

परशुराम_पायथा, चिपळूण

लाल दिव्याबद्दल थोडे लिहितो, कारण त्याच्यावर आपण गरजेपेक्षा जास्त विश्वास ठेवतो. तो दिवा चार्जिंग पुरेसे आहे की नाही हे सांगत नाही. त्याचे एक टोक चावीतून येणाऱ्या पॉझिटिव्हला आणि दुसरे अल्टरनेटरला जोडलेले असते. अल्टरनेटर वीज करू लागला की दोन्ही टोकांना सारखेच व्होल्टेज येते आणि दिवा विझतो. अर्थच्या वाटेत कितीही गळती झाली तरी ती या दिव्याला दिसत नाही.

अनेक गाड्यांमध्ये या दिव्यातून जाणारा बारीक प्रवाहच रोटरला, म्हणजे अल्टरनेटरच्या फिरत्या भागाला, पहिले चुंबकत्व देतो. माझी गाडी 22 जुलै 2021 च्या पुरात वाशिष्ठीच्या पाण्यात बुडाली होती. गाळ काढला, बेअरिंग बदलली, कार्बन (रोटरला वीज पोहोचवणारे ब्रश) बदलले, तरीही काही महिन्यांनी सकाळी इंजिन सुरू केल्यावर चार्जिंग होईना आणि अॅक्सिलरेटर जोरात दाबला की एकदम सुरू होई. अल्टरनेटरमागच्या कनेक्टरमधली या दिव्याच्या वायरीची पिन हिरवी पडून आतल्या आत तुटली होती. त्यामुळे चावी फिरवल्यावर दिवा लागतो ना, हे पाहणे तो विझतो ना हे पाहण्याइतकेच आवश्यक आहे. तुमचा लागतो आहे, म्हणजे ती वाट ठीक आहे.

बंदरवाट, रत्नागिरी

मापककाका, तुम्ही सांगितल्याप्रमाणे आज सगळी मापे घेतली. सकाळी बॅटरी 12.2. सेल्फ मारताना खुंटांवर 10.9, पण सेल्फ मात्र अतिशय जड फिरला. इंजिन सुरू झाल्यावर, सगळे बंद असताना बॅटरीवर 13.6. हेडलाइट, ब्लोअर आणि वायपर लावल्यावर तोच आकडा 13.0 वर आला. त्याच वेळी अल्टरनेटरच्या बोल्टपासून त्याच्या बॉडीपर्यंत 14.0 दिसले. पॉझिटिव्ह बाजूची गळती 0.2 आणि निगेटिव्ह बाजूची 0.8 आली. हा शेवटचा आकडा पाहून मी तीन वेळा पुन्हा मोजला.

आणखी एक काळजीची गोष्ट घडली. कोणीतरी सांगितले म्हणून डायोड तपासण्यासाठी मीटर एसीवर ठेवून बॅटरीला लावला, तर तिशीच्या जवळचा आकडा आला. याचा अर्थ डायोड प्लेटही गेली आहे का?

मापक, कुडाळ

आधी काळजी दूर करतो. स्वस्त मीटर एसीच्या जागी ठेवला की पुष्कळदा डीसीलाही एसी समजून दुपटीहून मोठा आकडा दाखवतो. प्रोब उलटे करून पाहा. शून्य आले तर दोष मीटरचा आहे, डायोडचा नाही. या चाचणीसाठी कोणाकडून तरी चांगला मीटर मागून आणा. इंजिन चालू असताना बॅटरीवर एसी माप अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी असले पाहिजे, आणि निरोगी डायोड असतील तर ते त्याहून पुष्कळ कमी येते.

आता मूळ प्रश्न. तुमची मापे एकमेकांशी तंतोतंत जुळतात : 13.0 मध्ये वाटेतले 0.2 आणि 0.8 मिळवले की अल्टरनेटरवरचे 14.0 होतात. म्हणजे अल्टरनेटर आपले काम करतो आहे. त्याचा रेग्युलेटर स्वतःच्याच टोकावरचे व्होल्टेज पाहतो, तेथे त्याला 14.0 दिसतात आणि तो समाधानी राहतो. बॅटरीपर्यंत एक व्होल्ट कमी पोहोचते आहे हे त्याला कळण्याचा मार्गच नाही. 13.0 वर बॅटरी जवळजवळ भरत नाही. रात्रभर दिवे लावून कोल्हापूर गाठले तरी ती निघताना होती तेवढीच राहते, आणि बंदरावर दोन-चार वेळा सेल्फ मारला की तेवढी घटते.

सेल्फचे मापही हेच सांगते. बॅटरी खरोखर मेली असती तर सेल्फ मारताना खुंटांवरचे व्होल्टेज साडेनऊच्या खाली कोसळले असते. तुमच्याकडे खुंटांवर 10.9 टिकून आहेत आणि तरीही सेल्फ जड आहे, म्हणजे बॅटरी देते आहे पण सेल्फपर्यंत पोहोचत नाही.

आता अर्थची वाट तुकड्यातुकड्याने मोजा. बॅटरीची निगेटिव्ह केबल चासीला जाते आणि चासीपासून इंजिन किंवा गिअरबॉक्सला विणलेली तांब्याची पट्टी असते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. दिव्यांचा आणि ब्लोअरचा प्रवाह चासीतून थेट इंजिनाकडे, म्हणजे अल्टरनेटरच्या बॉडीकडे परततो. बॅटरीच्या केबलमधून तेव्हा फक्त चार्जिंगचा थोडासा प्रवाह जातो. म्हणून केबलचा दोष इंजिन चालू असताना लहान दिसतो आणि सेल्फ मारतानाच उघड होतो, तर पट्टीचा दोष दोन्ही वेळा दिसतो. दोन्ही वेळांची मापे घ्या. बोल्ट सोडवायच्या आधी बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढायला मात्र विसरू नका.

हापूसगाडी, देवगड

मापककाका, तुमचे म्हणणे पटले; टर्मिनल काढण्याची पद्धत आजपासून बंद. माझ्या गाडीचा एक अनुभव मात्र येथे नोंदवणे मला गरजेचे वाटते, कारण तो ब्रेकशी संबंधित आहे. अनेक डिझेल पिकअपमध्ये ब्रेकच्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीवर, त्याच शाफ्टवर असतो आणि त्याला इंजिनाचे ऑइल जाते. माझ्या गाडीत त्या पंपाचे सील गळू लागले, ऑइल अल्टरनेटरच्या आत शिरले, कार्बनच्या भुकटीत मिसळून काळा चिखल झाला आणि कार्बन अडकून चार्जिंग थांबले. मी नुसते कार्बन बदलले आणि महिनाभरात पुन्हा तेच झाले. सील बदलल्यावरच ते थांबले.

त्यापेक्षा गंभीर गोष्ट अशी की अशा गाडीत बेल्ट तुटला तर चार्जिंगबरोबर व्हॅक्यूमही जातो. बूस्टरमध्ये उरलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोनदा ब्रेक लागतो आणि मग पेडल दगडासारखे होते. ब्रेक पूर्ण जात नाही, पण सगळे बळ पायाचे लावावे लागते, आणि भरलेली गाडी करूळ घाटात उतरत असेल तर त्याचा अर्थ काय होतो हे येथे सांगायला नको. लाल दिवा घाटात लागला तर ‘घरी जाऊन पाहू’ असे म्हणू नका, सपाट जागा पाहून लगेच थांबा. बदललेल्या अल्टरनेटरची पाठ आणि ऑइलची नळी ओली आहे का, तेही एकदा बोटाने पाहून घ्या.

बंदरवाट, रत्नागिरी

दोष सापडला. सविस्तर लिहितो.

लोड चालू असताना बॅटरीचा खुंट ते क्लॅम्प 0.01, क्लॅम्प ते केबलचे चासीवरचे थिंबल (केबलच्या टोकाची धातूची कडी) 0.02, थिंबल ते चासीचा घासून उघडा केलेला धातू 0.07, आणि चासी ते इंजिन 0.70. सेल्फ मारताना चासी ते इंजिन तब्बल 2.0, आणि बॅटरीपासून चासीपर्यंत 0.6. म्हणजे सेल्फच्या वाट्याचे अडीच व्होल्टपेक्षा जास्त अर्थच्या वाटेतच संपत होते.

पट्टी गिअरबॉक्सच्या डाव्या बाजूला, हौद्याच्या पुढच्या कडेच्या बरोबर खाली आहे. वरून ती फक्त मळलेली दिसत होती. ब्रशने चिखल काढल्यावर विणीच्या आतून हिरवी, ओलसर भुकटी बोटांना लागली, आणि पट्टी जरा वाकवली तर तारा बारीक काड्यांसारख्या मोडून हातात आल्या. थिंबलच्या जवळ निम्म्याहून जास्त तारा आधीच तुटलेल्या होत्या. उरलेल्या काळ्या पडल्या होत्या आणि पॉलिश पेपरने घासूनही त्यांचा लाल तांब्याचा रंग वर आला नाही. चासीवरच्या बोल्टखाली गंजाचा पापुद्रा होता, तो थिंबलबरोबरच सुटून आला.

नेमकी तीच जागा का खराब झाली, याचा विचार करताना लक्षात आले. घाट चढताना हौद्यातले बर्फाचे खारट पाणी मागे वाहते आणि फळीतून रस्त्यावर पडते. परतताना गाडी रिकामी असते, पण हौद्यात उरलेले पाणी आंबा घाट उतरताना सगळे पुढे येते आणि पुढच्या कडेवरून थेट त्या पट्टीवर गळते. वर्षभर प्रत्येक फेरीला तिला मिठाच्या पाण्याची आंघोळ होत होती.

जाड बॅटरी केबलचा तुकडा घेऊन, दोन्ही टोकांना दाबून बसवलेली थिंबल लावून, नवी जोडणी गिअरबॉक्सच्या वरच्या बोल्टवर घेतली आहे. दोन्ही जागा चमकेपर्यंत घासल्या, बोल्ट कसून आवळले आणि वरून पेट्रोलियम जेली लावली. चासीवरचे बॅटरीचे थिंबलही तसेच केले. आता सगळा लोड चालू असताना अल्टरनेटरवर 14.1, बॅटरीवर 13.9, अर्थची गळती 0.05. सेल्फ मारताना बॅटरी ते इंजिन एकूण 0.2. उसन्या चांगल्या मीटरवर एसी 0.04 आले. अल्टरनेटरची पाठ कोरडी आहे. बॅटरी बाहेरून एकदा पूर्ण चार्ज करून घेतली.

परशुराम_पायथा, चिपळूण

फार छान काम केलेत. एकच सूचना. जेली नेहमी बोल्ट आवळून झाल्यावर वरून लावावी, म्हणजे धातूला धातू भिडलेला राहतो आणि हवा-पाणी बाहेर राहते. आणि उभ्या गाडीतली गळतीही एकदा मोजा. निगेटिव्ह क्लॅम्प काढून खुंट आणि क्लॅम्प यांच्यामध्ये मीटर 10 अँपिअरच्या जागी लावा. सगळे बंद करून, चावी काढून, अर्धा तास थांबून पाहा. मध्ये मीटर असताना सेल्फ मारू नका किंवा दिवे लावू नका, मीटरचा फ्यूज जाईल. 50 मिलिअँपिअरच्या आत असेल तर रोजच्या वापराला हरकत नाही. मात्र जून-जुलैच्या मासेमारी बंदीत तुमची गाडी उभी राहत असेल तर हिशेब बदलतो : 40 मिलिअँपिअर म्हटले तरी दिवसाला जवळजवळ एक अँपिअर-अवर जातो, म्हणजे 60 दिवसांत 75 पैकी 57-58 संपतात, आणि इतकी उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की तिच्या प्लेटांवर पांढरा थर धरतो. त्या दोन महिन्यांत निगेटिव्ह काढून ठेवणेच चांगले.

बंदरवाट, रत्नागिरी

उभ्या गाडीची गळती 35 मिलिअँपिअर आली. बंदीच्या काळात निगेटिव्ह काढून ठेवीन.

दुरुस्तीला आज तीन आठवडे झाले. बारा फेऱ्या झाल्या, एकदाही धक्का लागला नाही. काल रात्री साखरप्याला मुद्दाम त्याच टपरीसमोर, पार्किंगचे दिवे लावून अर्धा तास थांबलो आणि सेल्फने पहिल्याच झटक्यात इंजिन उचलले. आज सकाळी बॅटरी 12.6.

मापककाका, तुम्ही मला निरोपातून सांगितल्याप्रमाणे जुना अल्टरनेटरही उघडून पाहिला. रोटरच्या दोन रिंगांमध्ये 3.1 ओहम आले, रिंग आणि शाफ्ट यांच्यामध्ये मीटर काहीच दाखवत नाही, आणि कार्बन अजून निम्म्याहून लांब आहेत.

मापक, कुडाळ

म्हणजे तो चांगला होता. बेअरिंग हाताने फिरवून पाहा, खरखर नसेल तर प्लास्टिकमध्ये गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. कधीतरी उपयोगी पडेल. आणि हौद्याच्या पुढच्या कडेला आतून एक पन्हळ बसवून तिला नळी जोडा आणि ते पाणी डब्यात घ्या. रस्त्यावर सोडू नका, घाटाच्या वळणावर मासळीच्या पाण्यावरून दुचाकी घसरतात. डबा कोल्हापुरात रिकामा करूनच परतीला निघा.